चोर कोण, संन्यासी कोण? नसेच्या मुळावरची पाण्याची पिशवी

आत्याच्या एमआरआयचा रिपोर्ट दीड पानाचा होता. पहिल्या पानावर चौथ्या-पाचव्या मणक्यामधली चकती थोडी बाहेर आल्याचं, वयाप्रमाणे झीज असल्याचं वगैरे लिहिलेलं. ते वाचून घरात कुणी दचकलं नाही. पन्नाशीनंतर हा मजकूर बऱ्याच जणांच्या रिपोर्टात असतोच. दचकलो ते दुसऱ्या पानावरच्या शेवटच्या ओळीला. 'एस-टू पातळीवर पेरिन्यूरल सिस्ट. उजवीकडची १९ मिलिमीटर, डावीकडची ७ मिलिमीटर.' सिस्ट म्हणजे गाठ, आणि गाठ म्हटलं की आमच्या घरात एकच अर्थ. आत्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, "मणक्यात पण होतो का रे तो?"

तो नव्हे. हे आधी उरकून टाकतो. या पिशवीचा कॅन्सरशी संबंध नाही, पुढे जाऊन तिचा कॅन्सर होत नाही, ती इकडून तिकडे पसरत नाही. खरं तर गाठ हा शब्दच इथे गैरलागू. ही पातळ पडद्याची पिशवी असते आणि आत पाणी असतं. पाणीही परकं नाही. मेंदू आणि मज्जारज्जूभोवती आपल्या सगळ्यांच्याच फिरत असतं तेच. डॉक्टर तिला टार्लोव्ह सिस्ट म्हणतात. कंबरेचे एमआरआय काढले तर शंभरात साधारण चार-पाच जणांच्यात ती दिसते, आणि त्यातल्या बहुतेकांना तिचा पत्ताही नसतो.

म्हणूनच रिपोर्टात ती सापडली की खरा प्रश्न सुरू होतो: दुखतंय ते हिच्यामुळेच का? इथे दोन्ही बाजूंनी घसरतात. काही जण फिल्म बघतात, दिसली पिशवी, दुखतंय म्हणजे हीच, काढा. ही सरळसरळ चोर सोडून संन्याशाला सुळी. काही जण उलट टोकाला: "या पिशव्या कधीच त्रास देत नाहीत, मनातून काढून टाका." आणि मग रुग्ण, त्यातही बाई असेल तर, वर्षानुवर्षं बसता येत नाही म्हणून या दवाखान्यातून त्या दवाखान्यात फिरत राहते. संन्यासी म्हणून सोडून दिलेला माणूसच कधी कधी चोर निघतो, ही या आजारातली गोम.

शरीरात ही पिशवी बसते कुठे ते पाहू. मज्जारज्जू पार माकडहाडापर्यंत जातो असं आपल्याला वाटतं. मोठ्या माणसात तो कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. त्याच्या खाली नसांचा नुसता झुबका लोंबत असतो, घोड्याच्या शेपटासारखा. डॉक्टरी लॅटिन नावाचा अर्थही अगदी तोच. हा झुबका एका लांब पिशवीत, पाण्यात तरंगत असतो. कंबरेच्या मणक्यांखाली पाच मणके एकमेकांना चिकटून झालेलं एक त्रिकोणी हाड आहे, त्रिकास्थी. त्याच्या टोकाला माकडहाड. त्रिकास्थीला दोन्ही बाजूंनी भोकं असतात आणि त्यातून एकेक नस बाहेर पडते: एस-वन, एस-टू, एस-थ्री अशी. बाहेर पडताना प्रत्येक नस आवरणाची एक बाही अंगात घालूनच निघते. संवेदना आणणाऱ्या मुळावर, त्याची छोटी गुठळी असते त्या जागी, या बाहीच्या दोन थरांमध्ये पाणी शिरून फुगा तयार झाला, की झाली टार्लोव्ह सिस्ट. बहुतेक वेळा एस-टू किंवा एस-थ्रीच्या मुळावर.

या तपशिलात एक गोष्ट फार महत्त्वाची आहे, कारण पुढचे सगळे उपचार तिच्यावर अडतात. पिशवी नसेच्या शेजारी नसते. नस तिच्या भिंतीतून किंवा थेट पोटातून गेलेली असते. विजेच्या वायरचं प्लॅस्टिक फुगलं आणि तांब्याच्या तारा त्या फुगवट्याच्या आतून विखरून गेल्या, तसं काहीसं. फुगवटा कापायला जाल तर तारा कापल्या जातील.

आयसॅडोर टार्लोव्ह या अमेरिकी न्यूरोसर्जनने १९३८ मध्ये या पिशव्यांचं वर्णन केलं. मॉन्ट्रियलच्या न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूटमध्ये शवविच्छेदनं करताना त्या त्याच्या नजरेला पडल्या. शोधत होता तो भलतंच काही, मज्जारज्जूच्या शेपटाचा धागा. जिवंतपणी या लोकांना यांचा काही त्रास झाला असेल असं तेव्हा त्याला वाटलं नाही. दहा वर्षांनी, १९४८ मध्ये, त्याने स्वतःच वेगळं लिहिलं: सायटिकाच्या वेदनेचं हे आणखी एक कारण असू शकतं, आणि ते काढून टाकता येतं. म्हणजे आज डॉक्टरांमध्ये जो वाद चालतो तो या माणसाने एकट्याने, दहा वर्षांच्या अंतराने, दोन्ही बाजूंनी मांडून ठेवला आहे.

पिशवी कशामुळे फुगते, याचं सगळ्यांना पटलेलं उत्तर नाही. जास्त मानली जाणारी कल्पना झडपेची आहे. सायकलच्या ट्यूबला व्हॉल्व्ह असतो ना, पंप मारला की हवा आत जाते पण परत येत नाही, तसं. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर मेरुद्रवाला, म्हणजे मेंदू-मज्जारज्जूभोवतीच्या त्याच पाण्याला, हलका धक्का बसतो, अरुंद तोंडातून थोडं पाणी आत ढकललं जातं, आणि बाहेर यायची वाट मात्र तितकी मोकळी नसते. त्यात उभं राहण्या-बसण्याची भर. गच्चीवर पाण्याची टाकी असलेल्या इमारतीत तळमजल्याच्या नळाला सगळ्यात जास्त जोर असतो. आपण आडवे असतो तेव्हा टाकी आणि नळ एका पातळीत. उठून बसलो की कंबरेतल्या पाण्याचा दाब दुपटीच्या वर जातो. खोकलं, शिंकलं, कुंथलं, श्वास रोखून हंडा उचलला, की आणखी. दुखणाऱ्या पिशव्यांचं वागणं याच्याशी जुळतं: बसल्यावर, फार वेळ उभं राहिल्यावर, खोकल्यावर वाढतं, आडवं पडलं की हळूहळू उतरतं. ज्यांच्या शरीरातले जोड-पडदे जन्मतः सैल असतात, उदाहरणार्थ मार्फान सिंड्रोमचे लोक, त्यांच्यात असे फुगवटे जास्त दिसतात.

आत्याला वेगळीच शंका होती. "माझ्या सिझेरियनला पाठीत इंजेक्शन दिलं होतं, त्याचंच असणार हे." ही शंका घराघरात आहे. पण ते इंजेक्शन कंबरेच्या तिसऱ्या-चौथ्या मणक्याच्या आसपास दिलं जातं, पिशवी त्याच्या बरीच खाली, त्रिकास्थीच्या आत. सुईमुळे अशी पिशवी तयार होत नाही. तिला हे पटलं की नाही सांगता येत नाही. पाठीतल्या इंजेक्शनवर तिचा जुना राग आहे.

तीन डॉक्टर झाले. पहिल्यांनी रिपोर्टातली शेवटची ओळ वाचलीच नाही, "गॅप आहे" म्हणाले आणि पट्टा दिला. दुसऱ्यांनी फक्त तीच ओळ वाचली आणि ऑपरेशनची तारीख काढायला निघाले. तिसऱ्यांनी फिल्म लिफाफ्यातच ठेवली आणि आत्याला म्हणाले, "काकू, ते नंतर बघू. तुम्ही आधी बोटाने दाखवा, कुठे दुखतं." आत्याने उजव्या कुल्ल्याच्या हाडावर, जिथे आपण बसतो तिथे बोट ठेवलं, मग मांडीच्या मागून गुडघ्याच्या खळगीपर्यंत नेलं आणि थांबली. "आणि तळपायांना मुंग्या येतात," तिने जोडलं. "दोन्ही?" "दोन्ही." डॉक्टरांनी कागदावर मधोमध रेघ मारली. एका बाजूला लिहिलं 'बैठक, उजवी', दुसऱ्या बाजूला 'मुंग्या, दोन्ही'.

मग टाचणी, कापूस आणि कंप देणारा चिमटा. डोळे मिटून सांगायचं, टोचतंय की नुसतं लागतंय. प्रत्येक नसेचा कातडीवर ठरलेला पट्टा असतो: एस-वनचा पोटरीमागून टाचेकडे आणि पावलाच्या बाहेरच्या कडेला, एस-टूचा मांडीच्या मागे, एस-थ्रीपासून पुढचे बैठकीच्या आतल्या गोलात. उजव्या मांडीच्या मागे टाचणी बोथट लागली. टाचेचा झटका दोन्हीकडे नीट आला. पण चिमट्याचा कंप दोन्ही अंगठ्यांवर जवळजवळ कळलाच नाही. तेवढ्यावर डॉक्टरांनी मला बाहेर जायला सांगितलं. दार लोटताना कानावर आलं ते एवढंच: "लघवीला सुरुवात व्हायला वेळ लागतो का हो?"

हा प्रश्न विचारलाच पाहिजे आणि तो भाच्यासमोर विचारून उपयोग नसतो. एस-टू ते एस-फोर या नसा लघवी, शौच आणि लैंगिक संवेदना सांभाळतात. धार थांबत थांबत येणं, पूर्ण झाली असं न वाटणं, बद्धकोष्ठ, संबंधाच्या वेळी दुखणं किंवा काही न जाणवणं, क्वचित नको असताना सतत उत्तेजना जाणवणं, हे सगळं या पिशव्यांमुळे होऊ शकतं. ज्यांना त्रास होतो त्यांत बायका जास्त. आणि नेमक्या याच तक्रारी आपल्याकडे ना घरात बोलल्या जात, ना केस-पेपरवर लिहिल्या जात. कित्येकींची फेरी आधी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे, मग मूत्ररोगवाल्यांकडे, मग मूळव्याधीच्या दवाखान्यात होते, आणि कंबरेकडे सगळ्यात शेवटी वळते.

दोन रकाने केले त्याचा निकाल आठवड्यात लागला. आत्याचं बी-ट्वेल्व फार कमी आलं. जन्मभर शाकाहार, दुधाचीही आवड नाही. दोन्ही तळपायांच्या मुंग्या आणि हरवलेला कंप हे त्या कमतरतेत ठरलेलं चित्र. एका नसेच्या मुळावरची पिशवी दोन्ही पाय असे सारखे बधिर करत नाही. इंजेक्शनं सुरू झाली, अडीच-तीन महिन्यांत मुंग्या बऱ्याच ओसरल्या. बैठकीचं दुखणं जागचं हललं नाही. म्हणजे मुंग्यांच्या बाबतीत पिशवी संन्यासी ठरली, आणि बैठकीच्या बाबतीत संशय तिच्यावर घट्ट झाला: बाजू तीच, पट्टा तोच, आडवं पडल्यावर उतार तोच. डावीकडची ७ मिलिमीटरची पिशवी मात्र कशातच नव्हती.

मधुमेहाने नसा खराब होणं, सरकलेली चकती, कंबर आणि त्रिकास्थीच्या सांध्याची सूज, खुब्याचा सांधा, कुल्ल्यातल्या स्नायूत अडकलेली सायटिक नस, गर्भाशयाच्या तक्रारी, ही सगळी मंडळी असंच दुखवू शकतात. ती एकेक करून बाजूला काढल्याशिवाय पिशवीवर बोट ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत झालं आहे.

तपासण्यांमध्ये मुख्य एमआरआयच. मेरुद्रव एका प्रकारच्या चित्रात पांढराशुभ्र दिसतो आणि पिशवीही तितकीच शुभ्र, म्हणून ती ओळखणं अवघड नाही. अडचण दुसरी आहे. नेहमीचा कंबरेचा एमआरआय चकत्यांसाठी काढतात. आडवे छेद बरेचदा पाचव्या मणक्याच्या जरा खाली थांबतात. पिशवी त्याच्याही खाली. तेव्हा शंका असेल तर संपूर्ण त्रिकास्थीचे वेगळे छेद मागून घ्यावे लागतात. सीटी स्कॅनमध्ये हाड दिसतं. जुन्या, मोठ्या पिशवीने आतून हाड कोरून वाटीसारखा खळगा केलेला असतो, आणि तो असेल तर पिशवी बरीच वर्षं दाबत आली आहे असं समजायचं. झडप किती अरुंद आहे हे पाहायचं तर पाठीच्या पाण्यात रंगद्रव्य सोडून सीटी काढतात. रंग लगेच पिशवीत शिरला तर तोंड मोकळं, तासाभराने किंवा त्याहून उशिरा शिरला तर तोंड अरुंद. लघवीची शंका असेल त्यांच्यासाठी एक साधी, स्वस्त तपासणी आहे: लघवी करून यायचं आणि लगेच सोनोग्राफीवर मूत्राशयात किती उरली ते बघायचं. वारंवार शंभर मिलीच्या पुढे उरत असेल तर ते सोडून देण्यासारखं नाही.

कधी कधी संशयित नसेजवळ बधिरतेचं औषध देऊन बघतात. तेवढे तास दुखणं गेलं तर पुरावा थोडा वजनदार होतो. थोडाच; कारण औषध शेजारच्या नसेवरही पसरतं. आणि हो, या पिशवीत 'तुकडा काढून तपासू' म्हणून सुई घालायची नसते. आत नसा आहेत.

नावातला गोंधळही इथेच मिटवू. मणक्यांच्या मागच्या सांध्यातून निघणारी, वंगणाच्या पाण्याने भरलेली सिस्ट हा वेगळा प्रकार. ती बहुतेक चौथ्या-पाचव्या मणक्याजवळ असते, नसेला बाहेरून दाबते आणि तिचे उपचारही निराळे. मेरुद्रवाच्या पिशव्यांमध्येसुद्धा नस आत असलेल्या आणि नसलेल्या अशा जाती आहेत. १९८८ साली नेबर्स आणि सहकाऱ्यांनी केलेली वर्गवारी अजून वापरतात, तिच्यात टार्लोव्ह दुसऱ्या प्रकारात बसते. इंटरनेटवर एका सिस्टचं वाचून दुसरीची भीती घेऊ नये.

उपचारांचं म्हणाल तर ज्यांना त्रास नाही त्यांना काहीही करायचं नाही. त्रास आहे त्यांच्यात सुरुवात गोळ्यांनी होते. या वेदनेवर साध्या पेनकिलरचा फारसा जोर चालत नाही. नस चिडलेली असते, म्हणून गॅबापेंटिन, प्रिगॅबालिन, ड्युलोक्सेटिन, अमिट्रिप्टिलिन यांसारखी नसा शांत करणारी औषधं देतात. त्यांनी पेंग येते, चक्कर येते, काहींना पायांवर सूज येते, वजन वाढतं. डोस हळू वाढवायचा आणि थांबवतानाही हळूच उतरवायचा. बरं वाटलं म्हणून एका दिवसात बंद करायचं नाही. लघवी आधीच अडखळत असेल तर अमिट्रिप्टिलिन ती आणखी अडवू शकतं, हे डॉक्टरांना आपणहून सांगावं.

बाकी गोष्टी साध्या, पण कामाच्या. मागे खाच असलेली उशी, म्हणजे माकडहाड अधांतरी राहतं. पाऊण तास सलग न बसता मध्ये उठणं किंवा दहा मिनिटं आडवं होणं. बद्धकोष्ठ मुळीच होऊ न देणं, कारण कुंथणं म्हणजे पिशवीत पंप मारणंच. इसबगोल या आजारात वाटतं त्यापेक्षा मोठं औषध आहे. खोकला अंगावर न काढणं. कंबरेचा पट्टा त्रिकास्थीच्या आतल्या पिशवीपर्यंत पोचत नाही. आणि 'मणके बसवून देणाऱ्यां'च्या हाती ही कंबर देऊ नये. इथे काही निसटलेलं नसतं, त्यामुळे बसवायलाही काही नसतं.

सहा-आठ महिने हे करून जगणं मुश्किलच राहिलं, किंवा लघवीचा त्रास, बधिरपणा वाढत गेला, तर पुढच्या पायऱ्या. पहिली सुईची. सीटीखाली सुई नेऊन पिशवीतलं पाणी ओढतात. नुसतं ओढलं तर बहुतेकदा पुन्हा भरतं. म्हणून पाणी काढून त्या जागी फायब्रिन भरतात. आपल्या रक्ताची गुठळी ज्या प्रथिनाने धरते तोच हा डिंक. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये दोन सुया वापरण्याची पद्धत रुळली: एक खोल, पाणी ओढायला, दुसरी वरच्या अंगाला, आत पोकळी पडू नये म्हणून. शहाळ्याला एकच भोक पाडून पाणी ओतायला गेलं तर गळगळत अडतं, दोन पाडली की सरळ येतं, तसंच. तोंड मोकळं असलेल्या पिशवीत मात्र हा डिंक मेरुद्रवात निसटून पडदे चिडवू शकतो, त्यामुळे झडप अरुंद आहे याची खात्री आधी हवी.

शेवटची पायरी ऑपरेशन. त्रिकास्थीच्या मागच्या भिंतीचा तुकडा उचलून, सूक्ष्मदर्शकाखाली पिशवी उघडतात, पाणी जाऊ देतात, भिंत आवळून नसेभोवती टाके घेतात, जिथून पाणी येतं ते तोंड जमेल तितकं बंद करतात आणि रिकाम्या जागेत चरबी किंवा स्नायू भरतात. नसेचं काम चालू आहे ना, हे यंत्रावर सतत बघत राहतात. पिशवी अख्खी कापून काढायची कल्पना आता मागे पडली आहे, कारण तिच्याबरोबर नसही जाते. धोके खरे आहेत: पाणी गळून उठल्या-उठल्या भयंकर डोकं दुखणं, जंतुसंसर्ग, नवा बधिरपणा, आधी नसलेला लघवीचा त्रास, पिशवी पुन्हा भरणं. निकाल कुणाचे चांगले येतात, तर ज्यांची पिशवी दीड सेंटिमीटरपेक्षा मोठी आहे आणि ज्यांची लक्षणं त्याच नसेच्या पट्ट्यात बसतात त्यांचे. या शस्त्रक्रियेसाठी ज्यांनी अशी बरीच ऑपरेशनं केली आहेत असाच सर्जन शोधावा आणि "तुम्ही स्वतः किती केली, त्यातल्या किती जणांना लघवीचा त्रास झाला?" हे तोंडावर विचारावं. यात अपमान काही नाही.

एक गोष्ट या सगळ्या धिम्या चालीला अपवाद. लघवी अचानक तुंबली, किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला, खोगीर जिथे बसतं तेवढा भाग बधिर झाला, दोन्ही पायांतली ताकद चालली, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या हॉस्पिटलात. असं झालं की बहुतेकदा मागे मोठी चकती असते, पिशवी नव्हे. पण ते ठरवायला घरी बसायचं नसतं.

आत्याने ऑपरेशन केलं नाही. लघवी ठीक होती, सोनोग्राफीत उरलेली ३० मिली. रात्रीची एक गोळी, खाच असलेली उशी, इसबगोल, आणि भजनी मंडळात सतरंजीऐवजी भिंतीजवळची उंच खुर्ची, जिचा तिला पहिले दोन महिने मनस्वी संकोच वाटत होता. पूर्वी वीस मिनिटं बसवत नव्हतं, आता तासभर बसते. वर्षाने पुन्हा एमआरआय झाला. मी पहिलं पान सोडून थेट शेवटची ओळ वाचली. उजवीकडची १९ मिलिमीटर, डावीकडची ७ मिलिमीटर.

"कमी नाही ना झाली?" आत्या म्हणाली. मी नाही म्हणालो. "मग दुखणं कमी कसं झालं?" या वेळी चष्मा तिच्या डोळ्यांवरच होता, आणि उत्तरासाठी न थांबता तिने लिफाफा उशीखाली सरकवला.